कमेन्समेंट : सुरुवात की पदवीदान? (अर्थ, वापर, भाषांतर)

मीनाक्षर (धागाकर्ती)

कमेन्समेंट या इंग्रजी शब्दाखाली कोशात दोन अर्थ शेजारी शेजारी बसलेले असतात : एक प्रारंभ, दुसरा पदवीदान समारंभ. एकात काहीतरी सुरू होतं, दुसऱ्यात शिक्षण संपतं. वाचताना संदर्भावरून निभावून नेता येतं, पण भाषांतर करताना, करार वाचताना किंवा परदेशी विद्यापीठाचा अर्ज भरताना चूक महागात पडते. भाषांतराच्या यंत्रांनी तर 'कमेन्समेंट अ‍ॅड्रेस'चं, म्हणजे पदवीदानातल्या भाषणाचं, 'प्रारंभ पत्ता' करून दाखवलेलं आहे.

मला हवंय ते असं :
पदवीदानाला हा शब्द मुळात का लागला?
कायद्यात आणि करारात त्याचा नेमका अर्थ काय?
बिगिनिंग आणि स्टार्ट असताना तो कुठे वापरायचा, कुठे टाळायचा?
मराठीत प्रत्येक ठिकाणी कोणता शब्द बसतो?

ज्याला जे पक्कं ठाऊक आहे ते लिहा. नुसते कोशातले उतारे नकोत.

---

जुनाट_कोश

पहिल्या प्रश्नापासून.

लॅटिनमध्ये 'इनिशियुम' म्हणजे आरंभ. त्यावरून 'इनिशियारे' हे क्रियापद. त्याला 'कॉम' हा उपसर्ग लागून लोकभाषेत जे रूप झालं ते जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत कमेन्स आणि कमेन्समेंट म्हणून आलं. म्हणजे इनिशियल, इनिशिएट आणि कमेन्स ही एकाच घरची मंडळी. बिगिन आणि स्टार्ट मात्र जर्मानिक कुळातले. राजदरबार, न्यायालय आणि चर्च यांच्या कामकाजात फ्रेंच शब्द रुळले, रोजच्या बोलण्यात जर्मानिक राहिले. कमेन्सला आजही जो इस्त्री केल्याचा वास येतो तो तिथून.

आता पदवीदान. मध्ययुगीन युरोपातल्या विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार दोन टप्प्यांत मिळे आणि ते टप्पे दोन वेगळ्या सत्तांच्या हाती होते.

पहिला टप्पा परवान्याचा. तो कुलपती, म्हणजे चर्चचा अधिकारी देई. उमेदवार शिकवायला लायक आहे, एवढंच त्याने ठरायचं.

दुसरा टप्पा अध्यापकांच्या संघाचा. विद्यापीठ म्हणजे मुळात अध्यापकांची श्रेणी (गिल्ड) होती, सोनार-विणकरांच्या असायच्या तशी. परवाना हातात असला तरी श्रेणीने आत घेतल्याशिवाय 'मास्टर' होता येत नसे. आत घेण्याचा विधी असा : उमेदवाराच्या डोक्यावर टोपी ठेवायची, त्याला अध्यापकाच्या आसनावर बसवायचं आणि त्याने तिथेच सर्वांसमोर आपलं पहिलं व्याख्यान द्यायचं, वाद चालवायचा. या विधीला लॅटिनमध्ये 'इन्सेप्शियो', म्हणजे आरंभ, म्हणत. केंब्रिजमध्ये इंग्रजीत त्याचंच नाव कमेन्समेंट पडलं. ऑक्सफर्डमध्ये तोच प्रकार 'अ‍ॅक्ट' या नावाने चाले.

म्हणजे जे सुरू होत होतं ते अध्यापन. नव्या मास्टरवर पुढे वर्ष-दोन वर्षं तिथेच शिकवण्याचं बंधनही असे.

---

खडूफळा

पण दर वर्षी अमेरिकेतल्या भाषणांत 'आज तुमच्या खऱ्या आयुष्याची सुरुवात होते, म्हणून याला कमेन्समेंट म्हणतात' असं ऐकू येतं. ते चूक?

---

जुनाट_कोश

@खडूफळा, भाषणापुरतं गोड आहे, व्युत्पत्ती म्हणून चूक. ते स्पष्टीकरण शब्द रुळल्यावर वक्त्यांनी चिकटवलेलं आहे. केंब्रिजच्या जुन्या इंग्रजीत अमुक जण 'कमेन्स्ड मास्टर ऑफ आर्ट्स' अशी वाक्यरचना असे, म्हणजे तो त्या वर्षी मास्टर म्हणून रुजू झाला. तिथे आयुष्याबियुष्याचा प्रश्नच नव्हता. आज मात्र 'आय कमेन्स्ड इन २०१९' असं पदवीच्या अर्थाने कुणी म्हणत नाही. क्रियापदाचा तो अर्थ मेला, नाम तेवढं जगलं.

शब्द अमेरिकेत कसा गेला हेही सरळ आहे. हार्वर्डची स्थापना १६३६ ची. ज्याच्या नावावरून ते ओळखलं जातं तो जॉन हार्वर्ड केंब्रिजच्या इमॅन्युएल कॉलेजचा. वसाहतीतली बरीच शिकलेली मंडळी केंब्रिजची, म्हणून १६३८ मध्ये गावाचं नावही बदलून केंब्रिज ठेवलं. तिथला पहिला कमेन्समेंट सप्टेंबर १६४२ मध्ये झाला, पदवीधर नऊ. ही मंडळी ऑक्सफर्डची असती तर आज अमेरिकेत कदाचित 'अ‍ॅक्ट अ‍ॅड्रेस' झाले असते.

यात एक बारीक गंमत आहे. ते नऊही जण बॅचलर झाले होते, मास्टर नव्हे. म्हणजे अध्यापकश्रेणीत प्रवेश हा मूळ अर्थ तिथे पहिल्याच दिवशी लागू नव्हता. नाव आलं, विधीचा सांगाडा आला, आशय मागे राहिला.

डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात पदवीदानाला आजही 'कमेन्समेंट्स' म्हणतात, अनेकवचनात. खुद्द इंग्लंडमध्ये मात्र हा शब्द पदवीदानासाठी वापरातून गेला. तिथे 'ग्रॅज्युएशन सेरेमनी', आणि काही विद्यापीठांत 'काँग्रिगेशन'.

---

मीनाक्षर

छान. मग 'कमेन्समेंट एक्सरसाइझेस'मधले एक्सरसाइझेस कुठून आले? तिथे व्यायाम नक्की नाही!

---

जुनाट_कोश

तिथूनच. पदवीसाठी जे जाहीर वादविवाद, प्रबंधाची मांडणी, लॅटिन भाषणं करावी लागत त्यांना 'एक्सरसाइझेस' म्हणत, म्हणजे पदवीसाठी करून दाखवायची कृत्यं. १६४२ च्या त्या समारंभातही विद्यार्थ्यांनी वादासाठी लॅटिनमध्ये प्रमेयं मांडली होती. पुढे वाद गेले आणि एकूण कार्यक्रमालाच तो शब्द राहिला. भाषांतर नुसतं 'पदवीदान समारंभ' करावं. एक्सरसाइझेसचा वेगळा मराठी शब्द शोधत बसू नये.

---

कलमबहाद्दर

दुसरा प्रश्न माझ्याकडे. कायद्यात कमेन्समेंट हा अलंकार नाही, ती तारीख आहे.

जनरल क्लॉजेस अ‍ॅक्ट, १८९७ च्या कलम ३(१३) मध्ये व्याख्याच दिली आहे : एखाद्या अधिनियमाच्या संदर्भात कमेन्समेंट म्हणजे तो अधिनियम ज्या दिवशी अंमलात येतो तो दिवस. कायदा संमत होणं, त्यावर राष्ट्रपतींची सही होणं, तो राजपत्रात छापला जाणं आणि तो अंमलात येणं या चार वेगळ्या घटना आहेत. कमेन्समेंट म्हणजे फक्त चौथी.

तारीख शोधण्याचा क्रम असा ठेवा :

आधी कलम १ पाहा. शीर्षकात 'संक्षिप्त नाव, विस्तार व प्रारंभ' असं असतं. तिथे तारीख दिली असेल तर प्रश्न मिटला.

'शासन अधिसूचनेद्वारे नियत करील त्या दिनांकास' असं असेल तर अधिनियमाची प्रत पुरेशी नाही. राजपत्रातली अधिसूचना शोधावी लागते, आणि ती एकच असेल असंही नाही. वेगवेगळी कलमं वेगवेगळ्या दिवशी अंमलात आणता येतात.

काहीच लिहिलेलं नसेल तर जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ५ : केंद्रीय अधिनियम राष्ट्रपतींची संमती मिळाली त्या दिवशी अंमलात येतो. आणि दिवस कधीपासून धरायचा, तर आदला दिवस संपताक्षणी. म्हणजे मध्यरात्रीपासून, सही दुपारी झालेली असली तरी.

उदाहरण माहितीच्या अधिकाराचं. संमती १५ जून २००५. अधिनियमातच लिहिलंय की काही कलमं लगेच आणि बाकीची १२० व्या दिवशी. १५ जून हा पहिला दिवस धरून मोजलं की १२ ऑक्टोबर २००५ येतो, आणि तीच तारीख धरली जाते. पहिला दिवस सोडून मोजलंत तर १३ ऑक्टोबर येईल आणि तुम्ही चुकाल. उलट जनरल क्लॉजेस अ‍ॅक्टचं कलम ९ म्हणतं की 'फ्रॉम' हा शब्द वापरून मुदत सुरू केली असेल तर पहिला दिवस वगळायचा. त्यामुळे 'पासून' आणि 'रोजी' यांची अदलाबदल म्हणजे एका दिवसाची चूक, आणि मुदतीच्या दाव्यात एक दिवस पुरतो.

---

ठिगळ

संविधानात तर आणखी मजा आहे ना? अनुच्छेद ५ मध्ये 'या संविधानाच्या प्रारंभी' असं आहे.

---

कलमबहाद्दर

@ठिगळ, हो, आणि बहुतेकांचा पाय तिथेच घसरतो. अनुच्छेद ३९४ वाचा. नागरिकत्वाचे अनुच्छेद ५ ते ९ आणि आणखी काही मोजके अनुच्छेद लगेच, म्हणजे २६ नोव्हेंबर १९४९ ला अंमलात आले. उरलेले २६ जानेवारी १९५० ला. आणि पुढे स्पष्ट म्हटलंय की या संविधानात 'प्रारंभ' म्हणून ज्या दिवसाचा निर्देश आहे तो दिवस म्हणजे २६ जानेवारी १९५०.

म्हणजे अनुच्छेद ५ स्वतः नोव्हेंबरपासून अंमलात आहे, पण त्यातला 'प्रारंभ' हा शब्द जानेवारीकडे बोट दाखवतो. कमेन्समेंट आणि कमिंग इनटू फोर्स हे सहसा एकच, पण व्याख्येने वेगळे करता येतात, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. भाषांतरकाराने एकीकडे 'प्रारंभ' आणि दुसरीकडे 'अंमलात येणे' हे काटेकोरपणे वेगळं ठेवलं नाही तर हा फरक पुसला जातो.

जाता जाता ब्रिटनमधल्या दोन गोष्टी. १७९३ पूर्वी तिथला कायदा, वेगळी तारीख दिली नसेल तर, संसदेच्या त्या अधिवेशनाच्या पहिल्या दिवसापासून अंमलात आला असं धरत. म्हणजे कायदा व्हायच्या आधी केलेलं कृत्यही गुन्हा ठरू शके. १७९३ च्या कायद्याने ते थांबवलं, आणि त्या कायद्याच्या नावातच कमेन्समेंट आहे. दुसरं टोक म्हणजे १९२८ चा ईस्टर अ‍ॅक्ट. ईस्टरची तारीख ठरावीक आठवड्यात बांधणारा हा कायदा मंजूर झाला, पण अंमलात कधीच आणला गेला नाही. कायदा आहे, कमेन्समेंट नाही.

---

गुण्यागोविंद

कंत्राटातलं मी सांगतो, कारण तिथे या शब्दावर थेट पैसे लागलेले असतात.

बांधकामाच्या करारात 'कमेन्समेंट डेट' म्हणजे कुदळ पडली तो दिवस नव्हे. ती करारात ठरवलेल्या पद्धतीने जाहीर होणारी तारीख. फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ च्या लाल पुस्तकातलं, म्हणजे बांधकामाच्या नमुना करारातलं, कलम ८.१ घ्या : वेगळं ठरलं नसेल तर स्वीकृतिपत्र मिळाल्यापासून ४२ दिवसांच्या आत ही तारीख पडली पाहिजे आणि अभियंत्याने किमान ७ दिवस आधी ती कळवायची. काम पुरं करण्याची मुदत इथून मोजली जाते, आणि मुदत ओलांडली की विलंबाची भरपाईही त्याच मोजणीवर. कंत्राटदाराने दोन महिने उशिरा काम सुरू केलं तर 'आमचं कमेन्समेंट उशिरा झालं' हा बचाव चालत नाही. त्याचं काम उशिरा सुरू झालं, कमेन्समेंट वेळेवरच झालं होतं.

सरकारी मराठीत यासाठी 'कार्यारंभ आदेश' हा शब्द रूढ आहे आणि चांगला आहे. आदेशाशिवाय कार्यारंभ नाही, हे त्यात आपोआप येतं.

भाडेकरारात एका व्यवहाराला तीन-तीन तारखा असू शकतात. समजा सह्या १० मार्चला, मुदतीचा प्रारंभ १ एप्रिलला, भाड्याचा प्रारंभ १ जुलैला, कारण मधले तीन महिने आतली सजावट करायला बिनभाड्याचे दिलेत. इंग्रजीत पहिली एक्झिक्युशन डेट, दुसरी कमेन्समेंट डेट, तिसरी रेंट कमेन्समेंट डेट. मराठी मसुद्यात तिन्ही ठिकाणी 'सुरुवातीची तारीख' लिहिलं की भांडण ठरलेलं. 'निष्पादनाचा दिनांक', 'मुदतीचा प्रारंभ दिनांक' आणि 'भाडे आकारणीचा प्रारंभ दिनांक' असं लांबलचक लिहावं. लांब चालेल, संदिग्ध नको.

घर घेणाऱ्यांसाठी एक धोक्याची सूचना. 'सीसी' हे संक्षिप्त रूप कमेन्समेंट सर्टिफिकेटलाही वापरतात आणि कम्प्लिशन सर्टिफिकेटलाही. पहिलं बांधकाम सुरू करायची परवानगी, दुसरं बांधकाम मंजूर नकाशानुसार पुरं झाल्याचा दाखला. 'सीसी आलंय' या वाक्यावर विसंबू नका, कागदाचं पूर्ण शीर्षक वाचा. शिवाय प्रारंभ प्रमाणपत्र कधी कधी फक्त जोत्यापर्यंतचं असतं आणि वरच्या मजल्यांसाठी ते पुढे वाढवून घ्यावं लागतं. किती मजल्यांपर्यंतचं आहे ते त्यातच लिहिलेलं असतं.

---

ठिगळ

कंपनी कायद्यातही आहे. 'कमेन्समेंट ऑफ बिझनेस'. नोंदणी झाली म्हणजे धंदा सुरू करता येतो असं वाटतं, पण कलम १०ए प्रमाणे भागभांडवल असलेल्या कंपनीला नोंदणीपासून १८० दिवसांत संचालकाचं घोषणापत्र द्यावं लागतं की भागधारकांनी कबूल केलेले पैसे भरले आहेत. फॉर्म आयएनसी-२०ए. हे २ नोव्हेंबर २०१८ आणि नंतर नोंदलेल्या कंपन्यांना लागू. हे घोषणापत्र देण्याआधी धंदा करता येत नाही आणि कर्जही काढता येत नाही. म्हणजे इथेही कमेन्समेंट हे कृत्य नसून घोषणा आहे.

---

खडूफळा

वरचे प्रतिसाद एकत्र वाचताना दिसतंय ते हे : पदवी असो, कायदा असो की कंत्राट, कमेन्समेंट आपोआप होत नाही. कुणीतरी अधिकाराने ते जाहीर करतो आणि त्या क्षणापासून दर्जा बदलतो किंवा मोजणी सुरू होते. बिगिनिंगला असा कुणी लागत नाही. पावसाळ्याचं बिगिनिंग असतं. पावसाळ्याचं कमेन्समेंट म्हटलं तर हवामान खात्याने शिक्का मारल्यासारखं वाटतं.

---

ऱ्हस्वदीर्घ

@खडूफळा, हे बहुतांशी खरं, पण नियम म्हणून ताणू नका. जुन्या वैद्यकीय आणि वैज्ञानिक गद्यात 'कमेन्समेंट ऑफ द फीवर' असं सर्रास सापडतं, तिथे कुणी घोषणा करत नव्हतं. आजच्या वापरापुरतं म्हणा.

व्याकरण आणि उच्चार लिहून टाकतो.

उच्चार : तीन अवयव, जोर मधल्यावर. क-मेन्स्-मंट. पहिला अवयव 'कॉ' नाही, अगदी पुसट 'क'. शेवटचा 'मेंट' नाही, 'मंट'. मराठीत लिहिताना कमेन्समेंट रूढ आहे ते असू द्या, बोलताना जपा.

स्पेलिंग : दोन ठिकाणी चुकतं. सुरुवातीच्या ओ नंतर एम दोनदा येतो. आणि सी नंतरचा ई 'मेंट' लागल्यावरही टिकतो. तो गाळला तर सीचा उच्चार क होईल, म्हणून टिकतो. 'जजमेंट'मध्ये ई गेलेला पाहून लोक इथेही गाळतात.

क्रियापद : 'कमेन्स फ्रॉम' हे सूचनाफलकांवरचं लाडकं रूप आहे. वर्ग १५ जूनला सुरू होणार असतील तर 'कमेन्स ऑन', दहा वाजता असतील तर 'कमेन्स अ‍ॅट'. आपल्या 'पासून'मुळे 'फ्रॉम' शिरतो. सुरू होणं हा एक क्षण आहे, त्याला 'पासून' लागत नाही. चालू राहणं दाखवायचं असेल तर 'विथ इफेक्ट फ्रॉम' वेगळं आहे.

'कमेन्स' नंतर 'टू' आणि क्रियापद कानाला खटकतं. 'कमेन्स्ड वर्क' किंवा 'कमेन्स्ड वर्किंग' बरं. 'बिगॅन टू वर्क' मात्र छान चालतं.

यंत्र कमेन्स होत नाही, स्टार्ट होतं. गाडी, पंप, संगणक, सगळ्यांना स्टार्ट. रडणं, पाऊस, भांडण यांना बिगिन किंवा स्टार्ट. सुनावणी, सत्र, खोदकाम, सेवा, मुदत यांना कमेन्स शोभतं.

पुस्तकाचा सुरुवातीचा भाग म्हणजे बिगिनिंग. कमेन्समेंट हा भाग नसतो, तो बिंदू असतो. 'अ‍ॅट द बिगिनिंग ऑफ द चॅप्टर'च्या जागी कमेन्समेंट घालू नये.

आणि 'प्रायर टू द कमेन्समेंट ऑफ द मीटिंग' असं लिहायचा मोह झाला तर 'बिफोर द मीटिंग बिगिन्स' लिहा. अर्थ तोच, शब्द जवळजवळ निम्मे.

---

मीनाक्षर

पदवीदानाच्या अर्थाने आर्टिकल कसं? 'अ‍ॅट द कमेन्समेंट' की नुसतं 'अ‍ॅट कमेन्समेंट'?

---

ऱ्हस्वदीर्घ

समारंभ या अर्थाने अमेरिकेत बहुधा आर्टिकलशिवाय : 'अ‍ॅट कमेन्समेंट'. 'द कमेन्समेंट ऑफ' आलं की पुढे कशाचा तरी प्रारंभ येणार हे समजा. वाचताना अर्थ ओळखायची ही झटपट खूण आहे. पुढे 'ऑफ' आहे, तर प्रारंभ. पुढे स्पीकर, अ‍ॅड्रेस, एक्सरसाइझेस, वीकेंड यांपैकी काही आहे, तर पदवीदान. 'डेट' आलं तर थांबा आणि कागद कुठला आहे ते पाहा.

---

उंबरठा

त्या 'डेट'बद्दलच लिहायला आले.

ब्रिटिश किंवा ऑस्ट्रेलियन विद्यापीठाच्या प्रवेशपत्रात 'कमेन्समेंट डेट' म्हणजे अभ्यासक्रम सुरू होण्याची तारीख. अमेरिकन विद्यापीठाच्या दिनदर्शिकेत 'कमेन्समेंट' म्हणजे पदवीदानाचा दिवस. दोन्हीकडे अर्ज करणाऱ्याने एकाच तक्त्यात दोन्ही तारखा 'कमेन्समेंट' या रकान्यात भरल्या तर एक अभ्यासक्रम सुरू व्हायच्या आधीच संपल्यासारखा दिसेल.

दुसरा घोळ 'कॉन्व्होकेशन'चा. भारतात आणि कॅनडात कॉन्व्होकेशन म्हणजे पदवीदान. अमेरिकेतल्या बऱ्याच महाविद्यालयांत कॉन्व्होकेशन म्हणजे वर्षाच्या आरंभी नव्या विद्यार्थ्यांच्या स्वागताची सभा. म्हणजे तिथे सुरुवातीला कॉन्व्होकेशन आणि शेवटी कमेन्समेंट! अपवाद आहेतच. शिकागो विद्यापीठ पदवीदानालाच कॉन्व्होकेशन म्हणतं. त्यामुळे नावावरून अंदाज बांधू नका, त्या संस्थेच्या संकेतस्थळावर तो शब्द कशाला वापरलाय ते बघा.

समारंभाशी जोडलेले शब्द, जिथे भाषांतर हमखास फसतं :

'टु वॉक' : समारंभात मंचावरून जाणं. काही संस्था एखाद-दुसरा विषय राहिला असला तरी वॉक करू देतात. तेव्हा 'ही वॉक्ड इन मे'चं 'त्याला मे महिन्यात पदवी मिळाली' करू नका.

'कॉन्फरल' : पदवी प्रत्यक्ष बहाल होणं. ही नोंद गुणपत्रकावर असते आणि तिची तारीख समारंभाच्या दिवसाहून वेगळी असू शकते.

'व्हॅलेडिक्टोरियन' : निरोपाचं भाषण करणारा विद्यार्थी, सहसा वर्गात पहिला आलेला. 'सॅल्युटेटोरियन' स्वागताचं भाषण करतो, सहसा दुसरा. क्रमांक हा अर्थाचा भाग आहे, नुसतं 'निरोप देणारा' अपुरं.

'बॅकलॉरिएट' : समारंभाच्या आसपास होणारी प्रार्थनासभा. फ्रान्समधली त्याच नावाची शालान्त परीक्षा वेगळी.

'हूडिंग' : उच्च पदवीधरांच्या खांद्यावर पाठीकडे लोंबणारं रंगीत वस्त्र घालणं. काही ठिकाणी याचा स्वतंत्र कार्यक्रम असतो.

माध्यमिक शाळांतही अमेरिकेत आणि फिलिपिन्समध्ये कमेन्समेंट म्हणतात. तिथे मात्र 'पदवीदान' लिहू नये, कारण पदवी नाही. 'शालान्त समारंभ' लिहावं.

---

खडूफळा

बातम्यांत 'कमेन्समेंट अ‍ॅड्रेस' वारंवार येतो त्याचं कारण, तिथे मोठी राजकीय भाषणं होतात. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांनी १० जून १९६३ ला वॉशिंग्टनच्या 'अमेरिकन युनिव्हर्सिटी'त अणुचाचणीबंदीच्या वाटाघाटी जाहीर केल्या. करारावर मॉस्कोत ५ ऑगस्टला सह्या झाल्या. त्यांच्यानंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांनी २२ मे १९६४ ला मिशिगन विद्यापीठात 'ग्रेट सोसायटी'ची कल्पना मांडली. अशा वेळी 'पदवीदान समारंभातील भाषण' लिहावं, 'दीक्षान्त भाषण'ही चालेल.

मार्शल योजनेचं, म्हणजे महायुद्धानंतर युरोपला उभं करण्याच्या अमेरिकी मदतीचं, भाषण मात्र जपून लिहा. ५ जून १९४७, हार्वर्ड, दिवस कमेन्समेंटचाच. पण ते सकाळच्या मुख्य समारंभातलं नव्हे, दुपारच्या माजी विद्यार्थ्यांच्या सभेतलं.

आणि १९९७ मध्ये ईमेलवर एक 'एमआयटीतलं कमेन्समेंट भाषण' जगभर फिरलं, ते भाषण नव्हतंच. शिकागोच्या एका वर्तमानपत्रातला स्तंभ होता. त्या वर्षी एमआयटीत बोलले होते कोफी अन्नान.

---

जुनाट_कोश

@खडूफळा, 'दीक्षान्त' चालेल म्हणालात म्हणून एक विषयांतर.

दीक्षान्त म्हणजे दीक्षेचा अंत. जुना शब्द समावर्तन, म्हणजे गुरुगृहाहून परत फिरणं. एकात शेवट, दुसऱ्यात परतणं. इंग्रजी शब्दात आरंभ. इथवर सगळेच सांगतात. पण आपण रोज वापरतो त्या 'पदवीदान समारंभ'मधला समारंभ पाहा. संस्कृतात सम् + आ + रभ्, म्हणजे आरंभच. 'सदाशिवसमारम्भां शंकराचार्यमध्यमाम्' या श्लोकात समारंभाचा अर्थ सोहळा नाही, सदाशिवापासून सुरू होणारी परंपरा असा आहे. मराठीत तो शब्द आरंभाकडून थाटाच्या सोहळ्याकडे सरकला. कमेन्समेंटही आरंभाकडून सोहळ्याकडेच सरकला आहे. वाटा वेगळ्या, सरकण्याची दिशा एक.

---

ऱ्हस्वदीर्घ

हे आवडलं. पण यावरून कुणी कमेन्समेंटला सरसकट 'समारंभ' लिहायला लागू नका म्हणजे मिळवलं.

---

कलमबहाद्दर

मराठी पर्यायांबद्दल माझं मत. अधिनियमात 'प्रारंभ', तिथे 'सुरुवात' किंवा 'आरंभ' नको, कारण अधिकृत पाठात प्रारंभ स्थिरावला आहे. क्रियापद असेल तर 'अंमलात येणे'. न्यायालयीन कार्यवाहीत 'कार्यवाही सुरू करणे'. नोकरीत 'रुजू दिनांक', पण सेवाशर्ती रुजू होण्याआधीपासून लागू असतील तर 'सेवाप्रारंभ दिनांक'. सरकारी कामात 'कार्यारंभ'. विमा पॉलिसीत जोखीम सुरू होण्याची तारीख आणि पॉलिसीची तारीख वेगवेगळ्या असू शकतात, म्हणून तिथे 'जोखीम प्रारंभ दिनांक' असं कशाचा ते लिहूनच.

'शुभारंभ' फक्त उद्घाटनाच्या पत्रिकेत. करारात दिसला की मसुदा परत पाठवा.

---

मीनाक्षर

सर्वांचे आभार. एक शेवटचं. अर्जात 'डेट डिग्री अवॉर्डेड' असा रकाना आहे. समारंभ मे मध्ये झाला, विद्यार्थिनी त्यात वॉक झाली, पण शेवटचा विषय उन्हाळी सत्रात पुरा झाला आणि गुणपत्रकावर ऑगस्टची नोंद आहे. काय भरायचं?

---

उंबरठा

ऑगस्ट. गुणपत्रकावर आणि पदवीपत्रावर जी तारीख असेल ती. पडताळणी करणारा विद्यापीठाच्या निबंधकाकडे विचारतो आणि निबंधकाकडे कॉन्फरलची नोंद असते, समारंभाला कोण आलं होतं याची नसते. मे लिहिलं तर 'या तारखेला पदवी नव्हती' असं उत्तर जाईल. नोंद अजून व्हायची असेल तर 'एक्स्पेक्टेड' लिहून पुढे ऑगस्ट टाका, आणि निबंधकाकडून अटी पूर्ण झाल्याचं पत्र मिळत असेल तर ते सोबत जोडा.